मदत हवी आहे: खोलीत कॉट तीन, माणसं चार

तिसरा_कॉट

जरा सविस्तर लिहितोय. अर्धवट सांगितलं तर एक तर चुगलखोर वाटेन, नाहीतर बावळट.

मी परभणी जिल्ह्यातला, मुंबईत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजचं नाव लिहीत नाही. दादर आणि वडाळ्याच्या मधे कुठेतरी, एवढं पुरे. पहिल्या वर्षी हॉस्टेलचा नंबर लागला नव्हता. तेव्हा सायनला कॉट बेसिसवर, म्हणजे नुसती एक कॉट भाड्यानं घेऊन राहिलो. दोन खोल्यांत नऊ पोरं, एक संडास, वर डिपॉझिट आणि दलाली. घरून सोयाबीनचे पैसे आले की आधी मालकाचं तोंड बंद करायचं, मग आपलं उघडायचं. यंदा यादीत नाव लागलं तेव्हा आईनं गावात पेढे वाटले. म्हणजे ही खोली माझ्यासाठी काय आहे ते कळलं असेल.

खोलीत तीन कॉट, तीन टेबलं आणि तीन कपाटं (त्यातल्या एकाचं दार हातात येतं). एक पार्टनर जळगावचा, एक आजऱ्याचा. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आजऱ्यावाल्याचा गाववाला आला. मुलुंडच्या एका कॉलेजात एमएस्सीला प्रवेश घेतलाय, राहायची सोय होईपर्यंत चार दिवस राहील म्हणाला. सोबत पत्र्याची ट्रंक होती. चार दिवसांसाठी कोणी ट्रंक आणत नाही हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. आज ऑगस्टचा तिसरा आठवडा आहे.

हॉस्टेलच्या भाषेत याला पॅरासाइट म्हणतात. शिवी नाही ती, पदच आहे जवळजवळ. आमच्या विंगेत असे आणखी दोघे तरी आहेत.

आता अडचण ऐका. हा मुलगा वाईट असता तर प्रश्नच नव्हता. रात्री वॉचमन काकांची फेरी झाली की अकरानंतर माझ्या आणि जळगाववाल्याच्या कॉटमधे गादी अंथरतो. पहाटे साडेपाचला मी डोळे उघडायच्या आत गादी गुंडाळून माझ्या कॉटखाली ढकललेली असते. केर काढतो, बाटल्या भरून ठेवतो. सबमिशनच्या दिवशी मला उठवणारा तोच. मागच्या रविवारी घरून आणलेला घनसाळ तांदूळ त्यानं आमच्या चोरून ठेवलेल्या शेगडीवर टाकला. त्याचा वास अख्ख्या विंगेत फिरला आणि पोरं ताटल्या घेऊन दारात उभी. मेसमधल्या रबरी भातावर वर्ष काढलेल्या माणसाला त्या वासानं काय होतं ते इथल्या हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको.

पण गेल्या आठवड्यात बोर्डावर नोटीस लागली. सरप्राइज चेकिंग होणार, खोलीत बाहेरचा माणूस सापडला तर खोलीतल्या सगळ्यांचा प्रवेश रद्द. प्रवेशाच्या वेळी हमीपत्रावर सही केलीच आहे. त्या हमीपत्रावर वडिलांचीही सही आहे. त्यांनी पेन हातात घेऊन विचारलं होतं, "काय लिहिलंय यात?" मी म्हणालो, "काही नाही, नेहमीचंच." ते वाक्य सध्या रात्री झोपू देत नाही.

आजऱ्यावाला म्हणतो, "अरे, सगळीकडे चालतं." जळगाववाला म्हणतो, "तू बोल, मी पाठीशी आहे." म्हणजे बोलायचं मीच. रेक्टरला सांगणं मला जमणार नाही, तसा सल्ला देऊ नका. पण त्याला जा म्हणायचं तर कुठे जा म्हणू? कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

रविवारची_फीस्ट

कडू वाटेल, पण हाकला. चार वर्षं हॉस्टेलात काढली आहेत, त्यातली दोन मेस सेक्रेटरी म्हणून. चेकिंगला रेक्टर एकटे येत नाहीत, सोबत दोन प्राध्यापक असतात. त्यांच्यासमोर कुणाला दया दाखवायची सोय उरत नाही. आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. रात्री आग लागली तर रजिस्टर बघून माणसं मोजतात. तुमचा दोस्त त्या रजिस्टरमधे नाही.

वेळेत_आत

लेडीज हॉस्टेलवरून नमस्कार. आमच्याकडे पॅरासाइट ही कल्पनाच अशक्य आहे. साडेनऊला गेट बंद, हजेरीवर सही. जुलैत पाऊस झाला, हिंदमाता तुंबलं, किंग्ज सर्कलला गाड्या अडकल्या, तेव्हा मला भेटायला आलेल्या आईला एक रात्र माझ्या खोलीत झोपू दिलं नाही. शेवटी वॉचमनच्या बायकोनं तिच्याकडे नेलं. तुमच्याकडे सात आठवडे माणूस राहू शकतो हे वाचून आधी हेवा वाटला, मग राग आला. सल्ला काही नाही, सॉरी.

माजी_पॅरासाइट

आयडीवरून कळलंच असेल. २००६ ते २००८, परळच्या एका हॉस्टेलात. मी तिथला विद्यार्थीच नव्हतो, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होतो.

तुमच्या पाहुण्याची दिनचर्या वाचून हसू आलं आणि पोटात कालवलंही. पहाटे साडेपाचची गादी म्हणजे शिस्त नव्हे हो, भीती आहे ती. माझे नियम असे होते: सातच्या आत आंघोळ उरकायची, कारण नंतर रांगेत कुणी नवा चेहरा ओळखतो. मेसमधे पाय ठेवायचा नाही. कॉरिडॉरमधे चप्पल वाजवायची नाही. आणि मोठ्यानं हसायचं नाही. हा शेवटचा नियम अंगात इतका मुरला की नोकरीला लागल्यावर सहकारी विचारायचे, तुला जोक कळत नाहीत का. एका चेकिंगला भर पावसात गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली दोन तास बसलो होतो. खाली आलो तर मित्रांनी माझ्यासाठी चहा झाकून ठेवलेला. गार झाला होता. तो चहा पिताना ठरवलं की आता पुरे.

तुम्हाला वाटतंय त्याला काही माहीत नाही. त्याला सगळं माहीत आहे. बोर्डावरची नोटीस त्यानं तुमच्या आधी वाचली असणार. पॅरासाइट नोटीस बोर्ड जितका मन लावून वाचतो तितका रेक्टरही वाचत नाही. तो फक्त वाट बघतोय, तिघांपैकी कोण बोलतंय याची. पार्टनरमार्फत निरोप पाठवू नका. त्याच्याशी थेट बोला, खोलीत नको, बाहेर चहाला नेऊन. आणि "निघ" म्हणू नका. "या तारखेपर्यंत आपण तुझी जागा शोधू" म्हणा. मला कुणी तारीख दिली असती तर दोन वर्षं वाया गेली नसती.

कागदपत्र_काकू

मी एका कॉलेजात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळते, म्हणून कोरडी माहिती देते. त्या मुलाचा प्रवर्ग कोणता ते आधी विचारा. अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध असेल तर स्वाधार योजना आहे. शासकीय वसतिगृहाला पात्र असून जागा मिळाली नाही अशा मुलांना जेवण, राहणं आणि इतर खर्च धरून मुंबईत वर्षाला ६० हजार रुपये थेट खात्यात मिळतात. अनुसूचित जमातीसाठी आदिवासी विकास विभागाची स्वयं योजना तशीच आहे. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. यातलं काहीच लागू नसेल आणि वडील अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर असतील तर महाडीबीटीवर (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता बघा. अटी आणि तारखा दरवर्षी पोर्टलवरच तपासायच्या, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या फोटोवरून नाही.

पोरं कुठे अडकतात सांगते. पुरावा मागतात, तेव्हा भाडेकरार नसतो. पॅरासाइटला भाडेकरार कोण देणार? म्हणून आधी कायदेशीर जागा, मग अर्ज. आणि पैसे पहिल्या महिन्यात हातात पडतील हे धरून चालू नका.

तिसरा_कॉट

काकू, विचारलं. आधी विचारायलाच लाज वाटली, सात आठवडे एका खोलीत झोपतो आणि घरी किती जमीन आहे हे माहीत नाही. एक एकर आहे, वडील दुसऱ्यांच्या शेतावरही जातात. पंजाबराव देशमुखचं बघतो म्हणाला. पण जागेचा प्रश्न आहे तिथेच आहे.

माजी_पॅरासाइट, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. नोटीसचा फोटो त्याच्या मोबाइलमधे होता.

लालबागकर

आजरा म्हणालात ना? मग कॉट बेसिस कसले शोधता? त्याला विचारा, गावाचं मुंबईत मंडळ आहे का, आणि मंडळाची खोली कुठे आहे.

हल्लीच्या पोरांना माहीत नसतं म्हणून सांगतो. गिरण्या चालू होत्या तेव्हा कोकणातून, साताऱ्याकडून, आजरा-चंदगडकडून माणसं यायची ती बायकापोरं गावी ठेवून. लालबाग, परळ, करी रोडच्या चाळींतून एकेका गावाची खोली असायची, गाळा म्हणायचे. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस जण. तीन पाळ्या असल्यामुळे सगळे एकदम कधीच झोपायचे नाहीत. पहिल्या पाळीचा उठला की त्याच वळकटीवर तिसऱ्या पाळीचा आडवा. भिंतीला ट्रंका, ट्रंकेवर रंगानं नाव, खुंटीवर पिशवी. जेवण खानावळीत, ती चालवणारी बाई गावाकडचीच. माझे वडील अशाच खोलीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढे बरेच जण गावी परतले ते परतलेच. पण पुष्कळ गावांच्या खोल्या अजून मंडळाच्या ताब्यात आहेत. काही चाळी टॉवरमधे गेल्या, तिथे मंडळाला जागा मिळाली. आता तिथे नोकरी शोधणारे, शिकणारे राहतात, माणशी ठरलेली वर्गणी देऊन. गावच्या दोन माणसांची ओळख लागते, बाकी काही नाही.

तेव्हा तुमच्या त्या शब्दाचं मला हसू येतं. आमच्या बापजाद्यांना कुणी पॅरासाइट म्हटलं नाही. म्हणाले असते तर अख्खं गिरणगावच तसं होतं.

रविवारची_फीस्ट

काका, फरक एवढाच की त्या खोलीत सगळ्यांची नावं मंडळाच्या वहीत होती. मी तेच म्हणत होतो.

लालबागकर

मान्य. वही हवीच.

तिसरा_कॉट

अपडेट, जवळजवळ तीन आठवड्यांनी.

काकांच्या प्रतिसादानंतर त्याला घेऊन स्टेशनबाहेर चहाला गेलो. मी तारीख सांगायच्या आधीच त्यानं सांगितली, "गणपतीआधी जातो." मग मंडळाचं विचारलं. त्याला वाटत होतं ती खोली म्हाताऱ्या माणसांची, तिथे भजन चालतं, अभ्यास होणार नाही. खरं कारण नंतर निघालं. त्याच्या चुलत्याचं मंडळातल्या लोकांशी वाजलेलं होतं, म्हणून घरून कुणी फोनच करत नव्हतं. शेवटी आजऱ्यावाल्याच्या वडिलांनी केला.

खोली करी रोड स्टेशनपासून पाच मिनिटांवर. आम्ही तिघं ट्रंक घेऊन सोडायला गेलो. सध्या आठ जण राहतात. सेक्रेटरी बीईएसटीमधून रिटायर झालेले. त्यांनी वही काढली, नाव, गाव, कॉलेज लिहून घेतलं, दोन पासपोर्ट फोटो मागितले आणि मला विचारलं, "तू कुठल्या वाडीचा?" परभणी म्हटल्यावर म्हणाले, "मग चहा घेऊन जा." झोपायची जागा खिडकीखाली मिळाली आहे, पावसाचे शिंतोडे येतात. करी रोडला फास्ट थांबत नाही, पण मुलुंडला जायला स्लो सरळ मिळते. कॉलेजातून कन्सेशनचा फॉर्म घेऊन त्यानं पासही काढला. पत्त्याच्या रकान्यात काय लिहू, असं आता विचारावं लागत नाही म्हणाला. राहत असल्याचं पत्र मंडळ देणार आहे. काकू, ते चालतं का ते सांगा.

चेकिंग तो गेल्यानंतर सहाव्या दिवशी झालं. माणूस सापडला नाही, शेगडी सापडली. तिघांत मिळून पाचशे दंड. त्याला सहज सांगितलं तर संध्याकाळी जीपेवर सव्वाशे रुपये आले, खाली लिहिलेलं, "भात मी पण खाल्ला होता."

वडिलांना अजून काही सांगितलेलं नाही. दिवाळीला सांगेन बहुतेक.

आता नवी अडचण. त्याची गादी माझ्या कॉटखालीच राहिली होती. काल ओढून काढली तर शिवणीत ढेकूण. कॉटच्या फळ्यांतही असावेत. ते त्याच्या गादीतून आले की आमच्या कॉटमधून तिच्यात गेले, यावर जळगाववाला आणि आजऱ्यावाला यांचं कालपासून बोलणं बंद आहे. ऊन दाखवा म्हणू नका, मुंबईत सप्टेंबरमधे ऊन कुठून आणू?

कागदपत्र_काकू

पत्र मंडळाच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह घ्या आणि कॉलेजात आधी दाखवून विचारा. भाडेकरार मागितलाच तर मंडळाला तसं लिहून देता येईल का बघा.

माजी_पॅरासाइट

उकळतं पाणी फळ्यांच्या फटींत, दर तीन दिवसांनी, महिनाभर. गादी टाकून द्या. आणि ढेकणांसाठी वेगळा धागा काढा, तिथे दोनशे प्रतिसाद येतील.