एडिटिंगला फोरके व्हिडिओ आचके देतोय, पीसी बदलू का?

ताशा_वाजतोय:
मंडळी मदत करा. पथकाचा सराव आणि मिरवणूक तीन मोबाईलवर शूट केलीय, सगळं फोरके. घरी शॉटकटमध्ये (फुकटचं एडिटिंग सॉफ्टवेअर) टाकलं की प्रिव्ह्यू नुसता आचके देतो, कट ठोक्यावर मारायचाय तर टिपरू ढोलावर नेमकं कधी पडलं तेच दिसत नाही. आणि तीच फाईल व्हीएलसी प्लेअरमध्ये एकदम स्मूथ! आय फाईव्ह 9400एफ, 16 जीबी रॅम, जीटी 710 कार्ड, साधी हार्डडिस्क. फाईलीपण काही अवाढव्य नाहीत, मिनिटाला 170 एमबीच्या आसपास. दुकानदार म्हणतो नवीन पीसीच घ्या. खरंच घ्यावा लागेल?

बारक्या:
एसएसडी टाक भावा, विषय संपला

रेंडरकाका:
इथे एसएसडीने काडीचा फरक पडणार नाही. मिनिटाला 170 एमबी म्हणजे सेकंदाला 3 एमबीसुद्धा नाही, जुनाट हार्डडिस्कपण याच्या कितीतरी पट देते. फाईल एवढी लहान आहे हेच तर दुखणं आहे. मोबाईल एचईव्हीसीत, म्हणजे व्हिडिओ खूप दाबून लहान करणाऱ्या फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड करत असणार, त्यात पूर्ण फ्रेम अधूनमधून एखादी असते आणि मधल्या फ्रेममध्ये आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच ठेवलेलं असतं. व्हीएलसी एकच फाईल सरळ पुढे नेतो म्हणून निभावतं. टाईमलाईनवर तुम्ही मधेच कुठेतरी क्लिक केलंत की शॉटकटला मागच्या पूर्ण फ्रेमपासून सगळं उलगडत यावं लागतं, तेही तीन ट्रॅकवर एकदम. त्यात तुमचा प्रोसेसर एफवाला, आत ग्राफिक्सच नाही म्हणजे व्हिडिओ उलगडायला मदत करणारं इंटेलचं क्विक सिंक गेलं, आणि जीटी 710 ला एचईव्हीसी झेपतच नाही. सगळं ओझं सहा कोअरवर.

पीसी राहू द्या. शॉटकटच्या सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी चालू करा आणि मग क्लिप टाका, तो प्रत्येकीची छोटी कॉपी बनवतो, तुम्ही त्या कॉपीवर कापाकापी करायची, एक्स्पोर्टला मूळ फाईल आपोआप येते. बनायला वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

ताशा_वाजतोय:
काका ते प्रोरेसमध्ये (अॅपलचा एडिटिंगचा फॉरमॅट) कन्व्हर्ट केलं तर? एका व्हिडिओत बघितलं

रेंडरकाका:
चालेल की, त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते त्यामुळे प्रोसेसर सुटतो. पण फोरके 30 फ्रेमला प्रोरेस 422 सेकंदाला 74 एमबीच्या घरात जातं, मिनिटाला चार जीबीच्या वर. एक ट्रॅक तुमची हार्डडिस्क कशीबशी ओढेल, तीन एकदम नाही ओढणार. तिथे मात्र बारक्याचं बरोबर, एसएसडी लागेलच.

बारक्या:
बघा म्हटलं होतं 😎

हेडफोनवाली:
एक राहिलं. मोबाईल फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) एकसारखा धरत नाहीत, उजेड कमी झाला की बरेचसे कमी करतात, त्यामुळे लांब क्लिपमध्ये तिन्ही कॅमेरे हळूहळू एकमेकांपासून सरकतात आणि शेवटी आधी आवाज येतो मग टिपरू पडतं. ढोलाच्या व्हिडिओत हे लगेच कळतं. अशी क्लिप टाकली की शॉटकट स्वतःच विचारतो एडिटिंगसाठी कन्व्हर्ट करू का, तिथे हो म्हणायचं, प्रॉक्सीने हा प्रश्न सुटत नाही. आणि गुलालाचे शॉट असतील तर एक्स्पोर्टला बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा, चांगला ठेवा. गुलालात प्रत्येक फ्रेमला सगळंच बदलतं, कमी बिटरेटमध्ये नुसते गुलाबी चौकोन दिसतात. यूट्यूबच फोरके 30 फ्रेमला 35 ते 45 एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, एमबी नव्हे) सांगतं.

ताशा_वाजतोय:
सरावाच्या क्लिपच्या प्रॉक्सी झाल्या, कट आता बरोब्बर ठोक्यावर बसतायत 🙏 मिरवणुकीच्या क्लिपला ते कन्व्हर्टचं विचारतोय पण तीन ऑप्शन आहेत आणि डिस्कवर 40 जीबीच उरलेत, कुठला घेऊ?

हेडफोनवाली:
पहिला, एमपी4 वाला. बाकी दोन्ही तुमची डिस्क खाऊन टाकतील.