बडोद्याला आईबाबांना पैसे पाठवतोय, जुनं सेव्हिंग खातं बंद पडलं, आता काय करू?

टोरांटोचा_बडोदेकर
नमस्कार मंडळी, मी मूळचा दांडिया बाजारातला, २ वर्षं झाली टोरांटोला नोकरी करतोय. बडोद्याहून निघताना घाईघाईत बँकेचं काहीच केलं नाही, जुनं सेव्हिंग खातं तसंच राहिलं, एटीएम कार्ड बाबांकडे, मी दर महिन्याला त्यातच पैसे पाठवायचो आणि बाबा कार्डाने काढायचे. लाइटबिल, औषधं, घरवेरा (घरपट्टी) सगळं त्यातूनच. वाघोडिया रोडला माझा फ्लॅट आहे त्याचं भाडं पण तिथेच येतं. मागच्या महिन्यात केवायसी नाही म्हणून बँकेने खातं गोठवलं. बाबा ७४ वर्षांचे, तीनदा खेटे घातले, दर वेळी एकच उत्तर, मुलाला बोलवा. मला तर सांगितलंच नाही त्यांनी, शेवटी आईच्या तोंडून निघालं की औषधाला पैसे शेजारच्या काकांकडून घेतले.

बाबांची एक लाल पुठ्ठ्याची वही आहे, माझ्या पैशांचा हिशोब वेगळा ठेवतात, डाव्या पानावर 'चि. कडून जमा' आणि उजव्या पानावर खर्च, कोथिंबीर १० रुपये इथपर्यंत लिहिलेलं असतं. आईने परवा त्या पानाचा फोटो पाठवला, डावं पान कोरं. रात्रभर झोप नाही लागली मला.

आता खातं कुठलं ठेवू, पैसे कशात पाठवू आणि अ‍ॅपने बरं की बँकेतून, कोणी नीट सांगेल का?

सुरसागर_ते_मस्कत
दादा, बाकी सगळं सावकाश कर पण आज पहिलं काम म्हणजे बाबांच्या स्वतःच्या खात्यात थेट पाठव. मुलाने आईवडिलांना दिलेल्या पैशांवर त्यांना टॅक्स लागत नाही, कितीही पाठव, फक्त त्याची एफडी केली तर व्याज त्यांच्या उत्पन्नात धरतात. कारण विचारलं की फॅमिली मेंटेनन्स निवड. मी १२ वर्षं असंच करतेय.

आणि अ‍ॅपवाले 'झिरो फी' म्हणतात त्याला भुलू नको, पैसा रेटमध्ये कापतात. डॉलरमागे ६० पैसे कमी दिले तरी २००० डॉलरवर १२०० रुपये गेले ना, म्हणजे आईबाबांचं लाइटबिलच गेलं समज. फी बघूच नको, शेवटी खात्यात रुपये किती पडतात तेवढंच बघ, एकाच दिवशी दोनतीन ठिकाणी आकडा टाकून बघायचा. बँकेची वायर करशील तर मधली बँक पण कधीकधी आपलं काहीतरी कापते, ते आधी कळत नाही.

रावपुऱ्याचे_काका
बाळा, मी बँकेत फॉरेन एक्स्चेंजच्या टेबलावर बरीच वर्षं होतो, म्हणून स्पष्ट लिहितो. नोकरीसाठी बाहेर गेलास की फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे तू तेव्हापासूनच एनआरआय, तिथे १८२ दिवस मोजायचे नसतात, ते दिवस इन्कमटॅक्ससाठी, लोक इथेच गल्लत करतात. आणि एनआरआयला साधं सेव्हिंग खातं चालत नाही, ते एनआरओ, म्हणजे एनआरआयचं इथल्या कमाईसाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. भाडं, डिव्हिडंड, इथली जी काही कमाई ती त्या खात्यात. त्याशिवाय एक एनआरई खातं उघड, ते मुख्यतः बाहेरून आलेल्या पैशासाठी असतं, व्याजावर भारतात टॅक्स नाही आणि मुद्दल व्याज दोन्ही परत नेता येतं. भाड्याचे रुपये एनआरईत टाकायचे तर त्यावरचा टॅक्स भरल्याचं आधी बँकेला दाखवावं लागतं. एनआरओतून वर्षाला १० लाख अमेरिकन डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, टॅक्स भरल्याचे कागद आणि सीएचं सर्टिफिकेट द्यावं लागतं.

भाड्याचं नीट ऐक. मालक एनआरआय असला की भाडं कितीही कमी असो, भाडेकरूने ३० टक्के आणि वर सेस कापून भरायचा असतो, त्यासाठी टॅन नंबर (टॅक्स कापणाऱ्याचा नंबर) काढायचा तोही भाडेकरूनेच. बिचाऱ्याला कोणी सांगत नाही, मग नोटीस त्याच्या दारात येते. तू रिटर्न भर, जास्त कापलं असेल ते परत मिळतं.

आणि कार्ड दुसऱ्याच्या हाती देणं हे बँकेच्या नियमात बसत नाही रे, अगदी बाबा असले तरी. एनआरओत बाबांना जॉइंट घे. एनआरईत पण जवळचा नातेवाईक घेता येतो, पण दोन्हीकडे 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असाच, म्हणजे तू असेपर्यंत त्यांना व्यवहार करायचा तर मुखत्यारपत्रावर.

मिसिसागाची_सून
काकांनी भारताचं सांगितलं, मी कॅनडाचं सांगते कारण माझ्या नवऱ्याने हीच चूक केली होती. एनआरईचं व्याज तिकडे टॅक्स फ्री असलं तरी इकडे दाखवावंच लागतं, फ्लॅटचं भाडं पण, तिकडे भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं म्हणून सर्टिफिकेटं जपून ठेवा. आणि भाड्याने दिलेला फ्लॅट, भारतातल्या एफडी वगैरे धरून खरेदीची किंमत १ लाख कॅनेडियन डॉलरच्या वर गेली तर टी-११३५ हा परदेशातल्या मालमत्तेचा फॉर्म इथे भरायचा, उशीर झाला तर दंड असतो.

एक सोयीचं सांगते, एनआरई किंवा एनआरओ खातं असेल तर कॅनडाच्या नंबरवर पण यूपीआय चालतं, आपली बँक देते का तेवढं विचारा. माझ्या सासूबाईंचं एमजीव्हीसीएलचं लाइटबिल मी इथून भरते, त्यांना रांगेत उभं राहावं लागत नाही. तोवर भारताचं सिम रिचार्ज करत राहा, नंबर गेला की ओटीपी गेला आणि मग सगळंच अडतं.

टोरांटोचा_बडोदेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल बाबांच्या खात्यात थेट पाठवले, आज पोचले, शेजारच्या काकांचे पैसे आईने लगेच नेऊन दिले. भाडेकरूला पण फोन केला, त्याला खरंच काही माहीत नव्हतं, टॅनचं मी माझ्या सीएकडून करून देतो म्हटलं. काका, एक राहिलं, माझं पीपीएफ चालू आहे ते बंद करावं लागेल का? आणि एनआरओसाठी मला बडोद्याला यावं लागेल का?

रावपुऱ्याचे_काका
पीपीएफ बंद नको करूस, १५ वर्षं पूर्ण होईपर्यंत चालू ठेवता येतं, फक्त पुढे वाढवता येत नाही आणि नवीन उघडता येत नाही. यायची गरज बहुतेक पडणार नाही, पासपोर्ट, व्हिसा आणि तिकडच्या पत्त्याचा पुरावा नोटरी किंवा आपल्या वाणिज्य दूतावासातून अटेस्ट करून पाठव, बँकेला आधी ईमेल करून यादी लेखी मागव. बाबांना आता बँकेत पाठवू नकोस, यादी आली की इथे टाक, मी बघून देतो.