कोलकात्याला एकटीने जायचंय, पण तिथे बोलायचे ते हेच

संत्र्यांची_काकू

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, वय ६६. हे जाऊन येत्या पौषात तीन वर्षं होतील. डिसेंबरात कोलकात्याला जावं असं मनात आहे. तिकीट अजून काढलेलं नाही, रोज ॲप उघडते आणि बंद करते.

थोडं मागचं सांगते, नाहीतर प्रश्न कळायचा नाही. १९८४ च्या फेब्रुवारीत यांची बँकेतून तिकडे बदली झाली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. भवानीपूरला जदुबाबूच्या बाजारामागे दोन खोल्या मिळाल्या. मेट्रोसाठी सगळा रस्ता उकरून ठेवलेला, दूध आणायला फळ्यांवरून जावं लागायचं. आणि ऑक्टोबरच्या २४ तारखेला देशातली पहिली मेट्रो सुरू झाली ती आमच्याच दारातून, भवानीपूर ते एस्प्लनेड. साडेतीन किलोमीटरही अंतर नाही, पण त्यासाठी यांनी मला लग्नातली साडी नेसायला लावली होती. पुढच्याच आठवड्यात इंदिराबाईंची हत्या झाली आणि आम्ही दोन दिवस खिडक्या लावून घरात बसलो. एस्प्लनेडहून आणलेलं क्रोशाचं सामान त्या दोन दिवसांत संपवलं, एवढं आठवतं.

घरमालकीण माशिमा आम्हाला ‘बर्गी’ म्हणायच्या. तिकडच्या अंगाईत अजून आहे ना, बाळ झोपलं, पाडा निजला, बर्गी आले देशात. ते बर्गी म्हणजे आमच्या नागपुरातल्या महाल भागातल्या रघूजी भोसल्यांचं सैन्य! माशिमा जिन्यातूनच ओरडायच्या, ‘बर्गी एलो!’ आणि हे खालून म्हणायचे, चौथ वसूल करायला आलोय, काय केलंय आज?

आता माझी अडचण. हे असं फर्डं बंगाली बोलायचे. चार महिन्यांत पेपर वाचायला लागले होते. मला सगळं समजतं, पण बोलायची वेळच आली नाही. मी तोंड उघडायच्या आत हे बोलून मोकळे. भाजीवाला असो, डॉक्टर असो, माशिमा असोत. खरं सांगते, कधी कधी रागही यायचा. ८८ ला परत आलो, पण दर तीन-चार वर्षांनी हिवाळ्यात एक फेरी ठरलेली: गीतांजली एक्सप्रेस, हाजऱ्याजवळचं तेच गेस्ट हाऊस, तीच दुसऱ्या मजल्यावरची खोली, आणि बाजाराजवळच्या मिठाईवाल्याला आमच्याकडची दोन डझन संत्री. तो बदल्यात नोलेन गुडाचा, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाचा संदेश (तिकडची मिठाई) द्यायचा, पैसे घ्यायचा नाही, त्यावरून दर वेळी दहा मिनिटं भांडण.

तर आता त्याच्या दुकानात मी एकटी शिरले की तो पहिला प्रश्न विचारणार, ‘दादा आशेन नि?’ म्हणजे, दादा नाही आले? हे वाक्य मला रात्री ऐकू येतं. त्याला काय सांगायचं? हिंदीत सांगायला जीभ वळत नाही, त्याच्याशी कधी हिंदीत बोललोच नाही. की त्या दुकानात जाऊच नये? आणि खोली तीच घ्यावी की नको? मुलगा म्हणतो, आई विमानाने चल, आम्ही येतो, तीन दिवसांत व्हिक्टोरिया, दक्षिणेश्वर, बेलूर सगळं करू. मला व्हिक्टोरिया बघायचं नाहीये हो.

कोणी असं जाऊन आलंय का?

एकटी_भटके

काकू, जाच! तिकीट काढताना लोअर बर्थच्या ज्येष्ठ कोट्यातून काढा, बायकांना तो ४५ पासून मिळतो. भाड्यातली सवलत मात्र २०२० पासून बंद आहे, ती शोधत बसू नका. गीतांजली नागपूरला संध्याकाळी येते, म्हणजे जेवून झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. एकटीसाठी याहून बरी गाडी नाही.

साल्ट_लेकचा_सदाशिवपेठी

काकू, मी इथे बावीस वर्षं आहे, त्यामुळे आधी थोडी वाईट बातमी. तुमच्या वेळच्या ट्राम विसरा. मैदानातून खिदिरपूरला जाणारी २०२० च्या अम्फान वादळानंतर पुन्हा धावलीच नाही. एस्प्लनेडहून गडियाहाट आणि श्यामबाजार असे दोनच मार्ग उरलेत, तेही नशिबाने. पिवळ्या अँबेसेडर टॅक्स्या दिसतात, पण मोजक्या. हावड्याला उतरून सामान घेऊन रांगेत उभ्या राहू नका, स्टेशनातूनच मेट्रो मिळते. २०२४ च्या मार्चपासून ती हुगळीच्या पात्राखालून जाते, पाण्याखालचा भाग अर्धा किलोमीटर, पाऊण मिनिटात संपतो. एस्प्लनेडला गाडी बदलली की तुमचं जुनं भवानीपूर, म्हणजे आताचं नेताजी भवन. त्याच्या पुढचं जतीन दास पार्क म्हणजे तुमचा हाजरा.

आता दुसरं. मिठाईवाल्याला सांगायचं वाक्य फार सोपं आहे: ‘उनि आर नेइ.’ उनि म्हणजे ते, आर म्हणजे आता, आणखी. नेइ म्हणजे आपलं नाहीच. आपण ‘ते आता नाहीत’ म्हणतो, अगदी तसंच, शब्दाला शब्द. त्यापुढे काही बोलायची गरज पडत नाही. बंगाली माणूस ते ऐकून तुम्हाला आधी बसायला स्टूल देईल, मग पाणी देईल, आणि मग तोच बोलेल. तुम्हाला समजतं म्हणालात ना? मग झालं की.

हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे, तुम्हाला माहीत असेलच. काही अडलंच तर मराठी बोलणारं कोणीतरी तिथे भेटेल.

आप्पा_मिरजकर

बाई, खोलीबद्दल मी सांगतो, कारण ती चूक मी केलेली आहे.

आमचं गाव म्हैसूर. म्हणजे गाव नव्हे, पण तीसेक वर्षं दर दसऱ्यानंतर गर्दी ओसरली की आम्ही दोघं जायचो. ही गेल्यावर दुसऱ्या वर्षी मी एकटा गेलो आणि हट्टाने तीच खोली मागितली. मिळाली. मॅनेजर ओळखीचा, त्याने आपुलकीने दोन्ही पलंगांवर चादरी घालून ठेवलेल्या, दोन टॉवेल, दोन साबणवड्या. त्याची काही चूक नाही. मी रात्रभर खुर्चीत बसून काढली आणि सकाळी दुसऱ्या लॉजवर गेलो. तेव्हा गल्ली तीच ठेवा, खोली बदला. सकाळी चहाला त्याच टपरीवर जाता येतं, पण रात्री दुसऱ्या पलंगाकडे बघत पडता येत नाही.

दुकानात मात्र जा. मी देवराज मार्केटात गेलो. मल्लिगेवाली बाई हिला गजरा द्यायची, तिथे फुलं हातावर मोजतात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक मोळ. तिने मला बघितलं, काही विचारलं नाही, नेहमीसारखे दोन मोळ मोजले आणि पानात बांधून दिले. मी पैसे दिले आणि बाहेर आलो. आता हातात गजरा आणि माळायला कोणी नाही. चामुंडीच्या डोंगरावर नेऊन वाहावा असंही वाटलं, पण पायच उचलेना. शेवटी खोलीत खुंटीला टांगला. रात्रभर वास. त्या रात्री मात्र झोप लागली, का ते मला सांगता यायचं नाही.

कौस्तुभ_पुणे

मुलगा एवढं म्हणतोय तर त्याच्यासोबत जावं असं मला वाटतं. या वयात एकटीने रात्रीचा प्रवास, नंतर तब्येतीचं काही झालं तर? भावनेच्या भरात निर्णय नको.

संत्र्यांची_काकू

कौस्तुभ, बाळा, बीपीची गोळी मी स्वतःच घेते, मुलगा देत नाही. राग मानू नकोस.

आप्पा, तुमचं वाचून उठले आणि भांडी घासली. मोलकरीण यायची होती तरी. खोली बदलते.

सदाशिवपेठीभाऊ, ते वाक्य कागदावर लिहून फ्रिजला लावलंय. नातू विचारतो, आजी, हे कुठलं मंत्र?

तिकीट काढलं. १० डिसेंबर, लोअर.

संत्र्यांची_काकू

मंडळी, आले काल. कोणी वाट बघत असेल-नसेल, पण विचारलं मी होतं, तर सांगायला हवं.

गाडीत सकाळी खडगपूर आलं. हे तिथे हमखास उतरायचे आणि ‘जगातला सर्वांत लांब फलाट’ असं सगळ्या डब्याला सांगायचे. २०१३ मध्ये तो मान गोरखपूरकडे गेला, तरी हे मागे हटले नाहीत. म्हणायचे, तो मोजण्यातला घोळ आहे. हे गेल्यावर तीन महिन्यांत हुबळीने गोरखपूरलाही मागे टाकलं. आता कोणाशी वाद घालणार होते कोण जाणे. मी नाही उतरले. खिडकीतून एका पोराकडून मातीच्या भांड्यातला चहा घेतला आणि भांडं फेकलं नाही, पिशवीत ठेवलं.

हावड्याला मेट्रो घेतली नाही, माफ करा सदाशिवपेठीभाऊ. आमची सवय स्टेशनासमोरून बाबूघाटची लाँच घ्यायची. सामान घेऊन लाँच म्हणजे वेडेपणा, आणि त्यावरून मी यांच्याशी चाळीस वर्षं भांडले. आता स्वतःच बॅग ओढत धक्क्यावर गेले. लाँचमध्ये उभी राहिले, मागे पूल, समोर शहर, आणि एक माणूस म्हणाला, बॅग इकडे ठेवा दीदी. मी हिंदीत ‘शुक्रिया’ म्हणाले. मनात बंगाली आलं होतं, तोंडात नाही.

पहिला दिवस तसाच गेला, मुकाट. जदुबाबूच्या बाजारात नुसतीच फिरले. माशिमांचं घर पाडून तिथे सहामजली इमारत झालीये, ते माहीत होतं, यांनीच मागच्या फेरीला दाखवलं होतं. मिठाईवाल्याच्या दुकानावरून दोनदा गेले. संत्री पिशवीत, पिशवी जड, आणि मी पलीकडच्या फुटपाथवर. शेवटी परत खोलीवर गेले. (खोली तिसऱ्या मजल्यावरची घेतली, खिडकी मागच्या बाजूला. आप्पा, बरं केलंत.)

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून सरळ दुकानात. गल्ल्यावर तो नव्हता! मुलगा होता. तिशीतला, मी त्याला लहान असताना पाहिलेलं. म्हणजे मी इतके दिवस घोकलेलं वाक्य ज्याला सांगायचं तोच नाही. पोराने ओळखलं नाही. मी संत्री काउंटरवर ठेवली आणि तोंडातून एकदम निघालं, ‘आमि नागपूर थेके.’ मी नागपूरहून. तो क्षणभर बघत राहिला, मग आत ओरडला. म्हातारा आतून आला, पाय ओढत, त्याचाही एक बाजूचा हात चालत नाही आता. माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे बघितलं, दाराकडे. विचारलंच नाही त्याने. मीच म्हणाले, ‘उनि आर नेइ.’

आणि भाऊ, तुम्ही म्हणालात तस्संच, आधी स्टूल आलं, मग पाणी.

तासभर बसले असेन. मी बंगालीत बोलत होते, मोडकंतोडकं, क्रियापदं सगळी हिंदीची. तो एकदा हसला आणि म्हणाला, बौदी, तुम्हाला बोलता येतं हे आम्हाला माहीतच नव्हतं, आम्हाला वाटायचं तुम्हाला राग आलाय. चाळीस वर्षं त्यांना वाटत होतं मला राग आलाय! आणि मला वाटत होतं ते माझ्याकडे बघतच नाहीत. घरी येऊन यांच्या फोटोला मी हे जरा सुनावलंच.

संदेशाचे पैसे त्याने घेतले नाहीत. मी भांडले, पण मला यांच्याइतका वेळ भांडता येत नाही, तिसऱ्या मिनिटाला हरले.

परतताना मेट्रो घेतली, एस्प्लनेड ते हावडा. नदीखालचा भाग आला की बोगद्यात निळे दिवे लागतात. मी मनात मोजत होते, चाळीसपर्यंत गेले आणि शेजारच्या मुलीने विचारलं की हावडा पुढचंच ना, त्यात हिशेब चुकला. बंगालीत सांगितलं तिला.

हो, एक राहिलं. दुकानातून निघताना मी ‘आशि’ म्हणाले. तिकडेही जाताना ‘जाते’ म्हणत नाहीत, आपल्यासारखंच ‘येते’ म्हणतात. हे यांनी मला कधी शिकवलं नव्हतं, नुसतं ऐकून ऐकून माहीत. म्हातारा म्हणाला, ‘आशुन.’ आणि पोराला म्हणाला, पुढच्या वेळी संत्री एवढी नको म्हणून सांग, यांना उचलत नाहीत.