मदत हवी आहे: एकच गाण्यांची यादी फोन, टॅब आणि गाडीत ऑफलाइन कशी ठेवावी?

स्पॉटिफाय प्रीमियमवर साधारण ६०० गाण्यांची यादी आहे, बरीचशी नाट्यगीतं आणि ख्याल. निवडलेला दर्जा ३२० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट), म्हणजे मिनिटाला सुमारे २.४ एमबी. पाच मिनिटांचं पद १२ एमबीत बसतं, पण अर्ध्या तासाचा ख्याल ७२ एमबी घेतो. त्यामुळे फोनमध्ये डाउनलोडची जागा एसडी कार्ड निवडली आहे.

अडचण इथेच आहे. फोन रीस्टार्ट केला की कधीकधी अर्धी गाणी पुन्हा डाउनलोडच्या रांगेत जातात. ३० दिवसांतून एकदा ऑनलाइन यावं लागतं, तो नियम पाळला आहे. उपकरणंही तीनच आहेत, पाचाच्या मर्यादेच्या आत. कार्ड उशिरा जोडलं जातं म्हणून अ‍ॅपला फाइल सापडत नाहीत, असा संशय आहे. बॅटरी बचतीतून अ‍ॅप वगळून पाहिलं, फरक नाही. कार्ड बदलावं, की सगळं फोनच्या मेमरीत हलवून १६० केबीपीएसवर समाधान मानावं? तानपुऱ्याचा नाद कमी दर्जात विरतो, म्हणून जीव होत नाही.

गाडीचं वेगळंच. डाउनलोड केलेल्या फाइल कुलूपबंद असतात, पेनड्राइव्हवर टाकून वाजत नाहीत, हे माहीत आहे. तिथे विकत घेतलेल्या एमपीथ्रीच चालतील. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह एक्सफॅट या फाइल साठवण्याच्या पद्धतीत असल्यानं स्टिरिओ ओळखत नाही. तो फॅट३२ या जुन्या पद्धतीत आणायला खात्रीचं साधन कोणतं? आणि फाइलनावं मराठीत ठेवली तर नुसते चौकोन दिसतात, क्रमही बिघडतो. ०१, ०२ असे आकडे आधी लावून कुणाचं काम झालंय का?