मदत हवी आहे: रोहित पक्षी चिखलात पाय का नाचवतो?

नमस्कार मंडळी, मी ऐरोलीची. भाची नववीत आहे, तिने प्रकल्पाला फ्लेमिंगो (म्हणजेच रोहित) घेतलाय आणि कामाला लागलीये मावशी!

2025 साली अमेरिकेत चिलीयन फ्लेमिंगोंवर झालेलं संशोधन वाचलं आणि चाटच पडले. मला वाटायचं, हा पक्षी वाकडी चोच पाण्यात घालून नुसता गाळत बसतो. तर नाही. तो डोकं झटक्यात वर ओढून पाण्यात भोवरा उठवतो, पायांनी तळ ढवळतो, आणि चोच सेकंदाला साधारण 12 वेळा उघडझाप करून पळू पाहणारे बारीक जीव आत खेचतो. भोवऱ्यांचा सापळाच म्हणा ना.

परवा ओहोटीला दुर्बीण घेऊन ठाण्याच्या खाडीवर गेलो. एक पक्षी जागच्या जागी गोल फिरत पाय नाचवत होता. तो हलला तर चिखलात परातीएवढा खळगा! चोच फिकट गुलाबी, टोक काळं. म्हणजे मोठा रोहित (ग्रेटर फ्लेमिंगो) ना? छोट्या रोहितची (लेसर फ्लेमिंगो, ही वेगळी जात) चोच गडद लाल असते असं वाचलंय, पण लांबून माझा गोंधळ होतो.

खरी अडचण पुढे आहे. आपल्या खाडीत छोटे रोहित जास्त, आणि ते मुख्यतः सूक्ष्म शेवाळ खातात. शेवाळ काही पळून जात नाही, मग त्यांना भोवऱ्याची गरज काय? त्यांनाही असं पाय नाचवताना कुणी पाहिलंय का? स्लो मोशन व्हिडिओ असेल तर प्लीज टाका. प्रकल्प सोमवारी द्यायचाय.