पिकाच्या राखणीसाठी ६ लाखांची विदेशी रायफल घ्यावी का?

उमरेडचा पऱ्हाटीवाला
नमस्कार. उमरेडच्या पुढे जंगलाला लागून आमचं वावर आहे. पऱ्हाटी, तूर, हरभरा. रोही (नीलगाय) आणि डुकरांनी यंदा धुऱ्याकडची तूर पार झोपवली. माझ्या परवान्यावर बाबांची जुनी बाराबोर आहे, आता दुसरं हत्यार म्हणून रायफल घ्यायचा विचार करून राहिलो. नागपुरात एकाकडे ब्रनोची .३०-०६ आहे. जुनी चेकोस्लोव्हाकियाची, अक्रोडाचा कुंदा, वर दुर्बीण. ६ लाख सांगून राहिला. ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफल त्याहून कितीतरी स्वस्तात येते. यूट्यूबवर टिक्का, ब्लेझर या विदेशी रायफली पाहून तर काही सुचतच नाही. महागडी बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर गोळीला हातानं बोल्ट ओढायची रायफल, खरंच तेवढ्या पैशाची असते का?

वैनगंगाकाठ
.३१५ घ्या भाऊ. काडतूस मिळते, दुरुस्तीवाला मिळतो. उरलेल्या पैशात सौर कुंपण करा, त्याला वनखात्याचं अनुदानही आहे.

जागलीवाले काका, समुद्रपूर
भाऊ, ६ लाख कशाचे मागतात ते आधी समजून घ्या. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी बंदूक मागवणं बंद आहे. त्याआधी आलेल्या ब्रनो, माउझर, विंचेस्टर याच आजपर्यंत हातोहात फिरून राहिल्या. माल तेवढाच, घेणारे वाढले. अमेरिकेत रुगर अमेरिकनसारखी नवी बोल्ट ॲक्शन ५००-६०० डॉलरच्या आसपास मिळते आणि १०० मीटरवर तिच्या गोळ्या ३-४ सेंटीमीटरच्या आत बसतात. तिथे ब्लेझरला हजारो डॉलर मोजणारा कारागिरीचे पैसे देतो. आपण इथे टंचाईचे देतो. तुमच्या ६ लाखांतले बहुतेक पैसे त्या टंचाईचेच आहेत.

ब्रनो वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मी ती चालवली आहे. बोल्ट १८९८ च्या माउझरच्या वळणाचा, त्याचा लांब पंजा मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसाची कड लगेच धरतो आणि टरफल निघेपर्यंत सोडत नाही. जखमी डुक्कर उलटून येते तेव्हा याचं मोल कळते. .३१५ ली-एनफिल्ड या जुन्या इंग्रजी लष्करी रायफलीच्या घराण्यातली, तिच्या काडतुसाची बुडाची कड बाहेर आलेली. मॅगझिन भरताना वरच्याची कड खालच्याच्या मागे राहिली की ऐनवेळी अडकलंच. दिवसाउजेडी, सावकाश भरायची सवय लावली की हा त्रास होत नाही.

आता अंतराचं पाहा. रात्री तुरीच्या तासात टॉर्चच्या उजेडात आपण मारणार किती लांब? ५०, फार तर ६० मीटर. तेवढ्यात .३१५ ची १६ ग्रॅमच्या आसपासची जड गोळी डुकराला पुरते आणि रोहीलाही. .३०-०६ ची गोळी दूरवर सरळ जाते, हा तिचा मोठा गुण, पण तो ३०० मीटरच्या शिकारीला. आपल्याकडे चुकलेली गोळी काही किलोमीटर जाऊ शकते, आणि पलीकडच्या वावरात कोणीतरी जागलीला बसलेलं असतेच. मचाणावरून खाली, गोळी मातीत जाईल असंच मारायचं. रायफल कोणतीही असो, हे सोडायचं नाही.

अक्रोडाच्या कुंद्याचंही सांगतो. आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगते, नळीला टेकते आणि निशाण सरकते. नळी आणि कुंद्याच्या मधून कागद सरकवून पाहा, अडकला तर लाकूड टेकून राहिलं. बोल्टवरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळतो का तेही पाहा, आणि नळीत गंजाचे खड्डे दिसले तर तिथूनच परत फिरा. निवडणुकीत हत्यार ठाण्यात जमा करावं लागू शकते, हेही ध्यानात ठेवा. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात आल्या. एवढी महागडी वस्तू ओलीत पडून राहिली तर जीव तुटतो.

नेमबाज, अकोला
काका, थोडं वेगळं मत आहे. चांगला ट्रिगर आणि चांगली नळी यानं नेम सुधारतोच. जड, ओढून दाबावा लागणारा खटका असला की गोळी हलते. रेंजवर मी हे रोज पाहतो.

जागलीवाले काका, समुद्रपूर
बरोबर आहे. खटक्याबद्दल मी तुमच्याच बाजूनं आहे, .३१५ चा खटका जडच असतो. पण तो जाणत्या, परवानाधारक कारागिराकडून हलका करून घेता येतो. बाकीचा पैसा काडतुसांत आणि सरावात घालायचा. सराव नसलेल्या माणसाच्या हातून जनावर जखमी होऊन झाडीत जाते. ते तिथे तडफडते, आणि सकाळी मजूर बाई तिथेच निंदायला जाते. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

उमरेडचा पऱ्हाटीवाला
फार उपयोगाचं सांगितलं काका. तो माणूस म्हणतो, ५० हजार बयाणा द्या, कागद मागून करू. माझा परवाना पीक संरक्षणाचा आहे, चालेल ना?

जागलीवाले काका, समुद्रपूर
बयाणा देऊ नका! शस्त्र कायद्याचं कलम १३ वाचा. पीक संरक्षणासाठी त्यात ठासणीची बंदूक आहे, ती पुरत नसेल तर बिनआट्यांच्या, म्हणजे आतून गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे तुमची बाराबोर. रायफलीच्या नळीला आटे असतात. तेव्हा पहिले जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा की या परवान्यावर रायफल चढते का. नाही म्हणाले तर स्वसंरक्षणाच्या कारणानं वेगळा अर्ज लागेल, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. चढली तरी विकणाऱ्याला जिल्हाधिकारी किंवा ठाण्यात लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागते. कागद मागून होतच नाहीत.

आणि जनावर मारायचं तर बंदुकीचा परवाना पुरत नाही, वनखात्याची परवानगी वेगळी लागते. वन्यजीव कायद्याचं कलम ११. मेलेलं जनावर सरकारचं, त्याला हात लावायचा नाही. यंदाच्या तुरीचा पंचनामा झाला का? नसेल तर वनरक्षकाला उद्याच बोलवा, नुकसानभरपाईचा अर्ज करायला उशीर नको.