एलडब्ल्यूआयपीमध्ये झोन नसलेला लिंक-लोकल पत्ता: स्टॅकने स्वतः झोन भरावा की नकार द्यावा?

नीरजा_एम (धागाकर्ती)

इथे फर्मवेअरवर, म्हणजे उपकरणांच्या आतल्या सॉफ्टवेअरवर, काम करणारी बरीच मंडळी आहेत, म्हणून एलडब्ल्यूआयपीचा, म्हणजे लहान उपकरणांचं नेटवर्क सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा (स्टॅकचा), हा विषय काढते. आधी माझं मत मांडते, मग तुम्ही खोडा.

आयपीव्ही६मध्ये एफई८०ने सुरू होणारे लिंक-लोकल पत्ते फक्त आपापल्या लिंकपुरते (एका केबलच्या किंवा एका वायफायच्या जाळ्यापुरते) एकमेव असतात. गेटवेला इथरनेट आणि वायफाय असे दोन इंटरफेस असतील, तर दोन्हीकडच्या राउटरचा पत्ता एफई८०::१ असू शकतो, आणि त्यात नियमाविरुद्ध काहीच नाही. म्हणजे नुसत्या १२८ बिटांवरून समोरचा कोण हे ठरत नाही. तो कुठल्या लिंकवरचा हे सांगणारा झोन सोबत लागतो. मार्च २००५चा आरएफसी ४००७ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारी कागदपत्रं) हेच सांगतो. झोन पॅकेटमधून कधीच जात नाही, तो प्रत्येक यंत्राने आपल्यापुरता ठेवायचा असतो. त्यामुळे तो कुठे ठेवायचा हे स्टॅक लिहिणाऱ्यावर येतं.

एलडब्ल्यूआयपी हा ॲडम डंकेल्स यांनी स्वीडिश इन्स्टिट्यूट ऑफ कम्प्युटर सायन्समध्ये लिहिलेला स्टॅक, काही दहा-वीस किलोबाइट रॅममध्ये चालावा या हिशोबाने बेतलेला. त्यात आयपीव्ही६ आल्यावरही बराच काळ झोन नव्हता. तो आला २०१८च्या २.१ आवृत्तीत, मिनिक्स ३ या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पात झालेल्या कामातून. आता पत्त्याच्या स्ट्रक्चरमध्येच झोनचा एक बाइट आहे. त्यात ० असेल तर झोन ठरलेला नाही, नाहीतर तिथे इंटरफेसचा क्रमांक असतो.

बाइटची ही जागा मला पूर्ण पटते. पटत नाही ते पुढचं. ॲप्लिकेशनने झोनशिवाय लिंक-लोकल पत्ता दिला, तर स्टॅक राउटिंगला विचारतो, मुख्यतः सोर्स, म्हणजे पाठवणाऱ्याच्या, पत्त्यावरून इंटरफेस ठरवतो आणि झोन भरून टाकतो. एकच इंटरफेस असेल तर ठीक आहे. दोन असतील तर माझ्या मते सरळ एरर यायला हवी. लिनक्सवर सॉकेट (ॲप्लिकेशनचं नेटवर्कशी जोडणीचं टोक) इंटरफेसला बांधलेला नसेल आणि स्कोप आयडी, म्हणजे झोन, दिलेला नसेल, तर लिंक-लोकल पत्त्यावरचा टीसीपी कनेक्ट 'अवैध आर्ग्युमेंट' म्हणून परत येतो. प्रोग्रामर पाच मिनिटांत डॉक्युमेंटेशन उघडतो आणि कोड सुधारतो. आपल्याकडे मात्र कोड टेबलावर चालतो आणि साइटवर बिघडतो, तोपर्यंत बोर्ड पाचशे ठिकाणी बसलेला असतो.

सर्किट_सदाशिव

तुमच्या दुसऱ्या मुद्द्यावर नंतर येतो. मला पहिलाच, म्हणजे झोनचा बाइट पत्त्यात ठेवायचा, मान्य नाही.

एक बाइट म्हणता, पण ३२ बिटी प्रोसेसरवर अलाइनमेंटमुळे १६ बाइटचा पत्ता थेट २० बाइटचा होतो. डिफॉल्ट कॉन्फिगरेशन घेऊन मोजा. नेबर कॅशेच्या (शेजारच्या यंत्रांचे पत्ते लक्षात ठेवणाऱ्या तक्त्याच्या) १० नोंदी. डेस्टिनेशन कॅशेच्या (कुठे जायला पुढचा टप्पा कोणता हे ठेवणाऱ्या तक्त्याच्या) १०, प्रत्येकी दोन पत्ते. प्रिफिक्स ५. टीसीपी ५, ऐकणारे टीसीपी ८, यूडीपी ४, या प्रत्येकात दोन पत्ते. दोन इंटरफेसचे तीन-तीन पत्ते. एकूण ७५ पत्ते, म्हणजे ३०० बाइट. आणि त्यातले बहुतेक पत्ते ग्लोबल किंवा आयपीव्ही४, ज्यांना झोनची गरजच नाही!

शिवाय पत्त्यांची प्रत्येक तुलना आता झोनचीही तुलना करते. हॉट पाथवर, म्हणजे प्रत्येक पॅकेटच्या वाटेवर, हे सतत होत राहतं.

त्याऐवजी सॉकेट इंटरफेसला बांधा. टीसीपी आणि यूडीपी दोन्हींना इंटरफेस बांधायचं फंक्शन त्याच २.१मध्ये आलं. पीसीबीला (एकेका जोडणीची माहिती ठेवणाऱ्या नोंदीला) कळलं कोणत्या दारातून जायचं, की पत्त्याला ते माहीत असायची गरज उरत नाही. लाइटवेट म्हणवणाऱ्या स्टॅकमध्ये माहिती एकाच जागी असावी, ७५ जागी नाही.

नीरजा_एम

हिशोब बरोबर आहे, आणि कोणीतरी तो मांडला याचा आनंद आहे. पण एकच इंटरफेस असल्याचं कॉन्फिगरेशनमध्ये सांगितलं की झोनचा सगळा कोड आपोआप बंद होतो, स्ट्रक्चर पुन्हा १६ बाइटचं होतं. ३०० बाइट फक्त तोच भरतो ज्याला दोन इंटरफेस आहेत. दोन इंटरफेसचा बोर्ड घेणाऱ्याकडे तेवढी रॅम असते.

सॉकेट बांधण्याचं म्हणाल, तर नेबर कॅशेला सॉकेट नसतो हो.

खरं दुखणं तिथेच आहे, म्हणून सविस्तर लिहिते. २.०मध्ये नेबर कॅशेतला शोध फक्त पत्त्यावरून व्हायचा. नोंदीत इंटरफेस लिहिलेला असायचा, पण शोधताना तो कोणी बघत नसे. आता दोन्ही लिंकवर एफई८०::१ राउटर आहे असं धरा. इथरनेटकडचा आधी बोलला, त्याचा मॅक ॲड्रेस (हार्डवेअरचा पत्ता) नोंदीत बसला. मग वायफायकडच्या राउटरमार्फत एखाद्या ग्लोबल पत्त्यावर पॅकेट निघालं. इंटरफेस बरोबर निवडला गेला, पुढचा टप्पा एफई८०::१ हाही बरोबर. कॅशेत शोधलं तर सापडली ती इथरनेटकडची नोंद, आणि फ्रेम वायफायवर गेली इथरनेटच्या राउटरचा मॅक घेऊन. ती उचलायला तिकडे कोणीच नाही. पुढे वायफायच्या राउटरकडून माहिती आली की तीच नोंद बदलते, आणि आता इथरनेट बंद पडतं. लॉगमध्ये काही दिसत नाही. लोक अँटेना बदलत बसतात, केबल बदलतात.

सॉकेट कितीही घट्ट बांधा, ही चूक त्याच्या खाली, नेबर डिस्कव्हरीत, म्हणजे शेजारी शोधण्याच्या टप्प्यात, घडते. पत्त्यात झोन आला की दोन एफई८०::१ आपोआप दोन नोंदी होतात.

सर्किट_सदाशिव

नेबर कॅशेच्या शोधात इंटरफेसची एक तुलना घालून हे सुटलं असतं. नोंदीत इंटरफेस होताच, तुम्हीच लिहिलंत. त्यासाठी पत्त्याचं स्ट्रक्चर फुगवायची गरज नव्हती.

नीरजा_एम

कॅशेत सुटलं असतं. मग डेस्टिनेशन कॅशेत तेच घालायचं, मग येणाऱ्या पॅकेटसाठी पीसीबी शोधताना, मग यूडीपीच्या कॉलबॅकला (पॅकेट आलं की स्टॅक बोलावतो त्या फंक्शनला) 'हा एफई८०::१ कुठला' हे सांगायला वेगळं आर्ग्युमेंट. पत्ता जिथे जिथे जातो तिथे सोबत इंटरफेस पाठवायचा, आणि एका जागी विसरलं की वरचाच प्रकार. जी दोन गोष्टींची जोडी कधीच सुटायला नको, ती एका स्ट्रक्चरमध्ये ठेवावी.

अभय_कोकण

तिसरा मार्ग कोणी काढला नाही म्हणून लिहितो. केम प्रकल्पाने, म्हणजे १९९८ ते २००६ या काळात जपानमध्ये ज्यांनी बीएसडी ऑपरेटिंग सिस्टीमसाठी आयपीव्ही६ लिहिला त्यांनी, झोन पत्त्याच्या आतच ठेवला. आरएफसी ४२९१प्रमाणे लिंक-लोकल पत्त्यात पहिल्या १० बिटांनंतरचे ५४ बिट शून्य असतात. त्यातले दुसऱ्या गटाचे १६ बिट घ्यायचे, कर्नलच्या आत तिथे इंटरफेसचा क्रमांक लिहायचा, पॅकेट बाहेर पडताना पुसायचा. एफई८०::१ आत एफई८०:४::१ होतो. एकही बाइट जास्त नाही, तुलना आहे तशीच, कॅशेही आपोआप वेगळी. सदाशिवरावांचे ३०० बाइट वाचले आणि नीरजाताईंची नेबर कॅशेही सुटली. लहान स्टॅकला यापेक्षा योग्य काय असेल?

व्हीलॅन_वैदेही

अभय, बाइट वाचतात हे खरं, पण पुसायचं राहिलं तर काय होतं ते बीएसडीवर काम केलेल्यांना विचारा. आतला पत्ता राउटिंग सॉकेटमधून जसाच्या तसा बाहेर यायचा आणि प्रत्येक युजर प्रोग्रामला तो उलगडायचा कोड ठेवावा लागायचा. टीसीपी-यूडीपीचा चेकसम (पॅकेट शाबूत आहे का हे तपासायचा आकडा) काढताना पत्तेही धरतात, तो पुसायच्या आधी काढला की पॅकेट गेलंच समजा.

एलडब्ल्यूआयपीने पॅकेटमधला पत्ता आणि आतला पत्ता असे दोन वेगळे टाइप केले आहेत. पॅकेटमधल्या टाइपला झोनची जागाच नाही. एकाच्या जागी दुसरा वापरला तर कंपायलर ओरडतो. हा फायदा मला ३०० बाइटपेक्षा मोठा वाटतो.

आर_देशपांडे

मी नीरजा यांच्या दुसऱ्या मुद्द्याच्या, म्हणजे झोन नसेल तर एरर द्यावी याच्या, ठाम विरोधात आहे.

२०१८च्या आधी लिहिलेला हजारो ओळींचा ॲप्लिकेशन कोड आहे, ज्यात झोन ही कल्पनाच नाही. त्यात एफएफ०२::एफबी किंवा एफएफ०२::१ असे मल्टिकास्ट (एकदम अनेकांना पाठवायचे) पत्ते कॉन्स्टंट म्हणून लिहिलेले आहेत. उद्या स्टॅक नवा केला आणि या सगळ्यांना एरर मिळाली, तर लोक स्टॅक नवा करणारच नाहीत. जुन्याच आवृत्तीवर बसतील, सुरक्षेच्या दुरुस्त्यांशिवाय. हे नुकसान मोठं आहे.

आणि स्टॅक जे करतो तो अंदाज नाही. मी सॉकेट वायफायच्या पत्त्याला बांधला आणि एफई८०::७ला पाठवलं, तर मला वायफायवरचाच एफई८०::७ अभिप्रेत आहे. दुसरा अर्थ निघतच नाही. सोर्सवरून झोन ठरवणं म्हणजे प्रोग्रामरने आधीच सांगितलेलं वाचणं.

लिनक्सचं उदाहरणही इथे लागू नाही. तिथे एरर दाखवायला टर्मिनल आहे. आमच्या मीटरला एक एलईडी आहे.

व्हीलॅन_वैदेही

देशपांडे, तुमचा सोर्सचा युक्तिवाद एका जागी पूर्ण तुटतो. एकाच इथरनेटवर दोन व्हीलॅन (एकाच तारेवरची दोन वेगळी आभासी नेटवर्कं), प्रत्येकासाठी वेगळा इंटरफेस. दोन्हींचा मॅक एकच, म्हणून मॅकवरून बनलेला लिंक-लोकल पत्ताही दोन्हींवर अगदी एकच. आता तुम्ही सॉकेट झोनशिवाय त्या पत्त्याला बांधला. सोर्सवरून इंटरफेस शोधणारं लूप यादीत जो आधी सापडेल तो देतं. तुमच्या प्रोग्रामरने काहीच सांगितलेलं नव्हतं, आणि स्टॅकने ठरवून टाकलं. कारखान्यात यंत्रांचा व्हीलॅन वेगळा ठेवतात तो सुरक्षेसाठी, आणि पॅकेट नेमकं नको त्या बाजूला जातं.

जुना_नेटवर्कवाला

मुळात स्कोप (पत्ता कुठवर चालतो ती हद्द) ही कल्पनाच फसलेली आहे असं माझं मत. १९९५च्या आरएफसी १८८४मध्ये साइट-लोकल (एका 'साइट'पुरते) पत्ते आले, 'साइट' म्हणजे काय हे कोणाला नीट ठरवता आलं नाही, आणि सप्टेंबर २००४मध्ये आरएफसी ३८७९ने ते रद्द केले. उरलेल्या लिंक-लोकलसाठी तरी एवढा खटाटोप का? २००५मध्येच आरएफसी ४१९३ने एफसी००::/७चे स्थानिक पत्ते दिले. त्यांचा ४० बिटांचा भाग रँडम असतो, टक्कर सहसा होत नाही, झोन लागत नाही. ॲप्लिकेशनने तेच वापरावेत आणि स्कोपचा कोड काढून टाकावा.

आणि माणसाच्या बाजूनेही बघा. ब्राउझरच्या ॲड्रेस बारमध्ये टक्का आणि इंटरफेसचं नाव जोडून लिंक-लोकल पत्ता लिहिण्याची पद्धत २०१३च्या आरएफसी ६८७४ने दिली होती. मोठ्या ब्राउझरांनी ती घेतलीच नाही. साइटवरचा तंत्रज्ञ लिंक-लोकल पत्त्याने डिव्हाइसचं पान उघडू शकत नाही. मग तो पत्ता कोणासाठी?

नीरजा_एम

साइट-लोकलबद्दल सहमत, ते गेले ते बरं झालं. ॲप्लिकेशनने जमेल तिथे ४१९३चे पत्ते वापरावेत हेही मान्य, आणि ब्राउझरांचा मुद्दा तर मला स्वतःला बोचतो.

पण लिंक-लोकल काढता येत नाहीत. राउटर ॲडव्हर्टाइझमेंटचा, म्हणजे राउटर 'मी इथे आहे' असं सांगतो त्या पॅकेटचा, सोर्स पत्ता लिंक-लोकलच असावा लागतो, नाहीतर ते पॅकेट टाकून द्यायचं असतं. म्हणजे राउटर ॲडव्हर्टाइझमेंटमधून शिकलेला डीफॉल्ट गेटवे हा नेहमी लिंक-लोकल पत्ताच असतो. तुमचं ॲप्लिकेशन फक्त ग्लोबल पत्ते वापरत असलं तरी त्याचं प्रत्येक पॅकेट एका एफई८० पत्त्याकडे जातं. वरचं नेबर कॅशेचं उदाहरण ग्लोबल पॅकेटचंच होतं. स्कोपचा कोड काढला तर तेच परत येईल.

देशपांडे, जुन्या कोडची काळजी खरी आहे. पण मल्टिकास्टचं उदाहरण माझ्या बाजूने जातं. दोन इंटरफेसवर एफएफ०२::एफबीला पाठवायचं, तर दोन्हीकडे वेगवेगळं पाठवावंच लागतं. ज्या जुन्या कोडने ते केलेलं नाही, तो एकाच लिंकवर बोलत होता आणि दुसरीकडची उपकरणं सापडत नव्हती. एरर आली तर निदान कळेल. आणि एलईडी असलेल्या मीटरवर एरर दिसत नसेल, पण ती विकसकाच्या टेबलावर, डिबगरमध्ये दिसते. मला ती तिथेच हवी आहे.

आर_देशपांडे

व्हीलॅनचं उदाहरण बिनतोड आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण त्यासाठी सगळ्यांना एरर देणं मला अजूनही मान्य नाही. मधला रस्ता सुचवतो: सोर्स पत्ता नेमक्या एकाच इंटरफेसवर सापडला तर झोन भरा, दोनांवर सापडला तरच नकार द्या. आधी सापडेल तिथे लूप थांबवायचं नाही, शेवटपर्यंत चालवायचं. इंटरफेस दोन-चारच असतात, वेळ जाणार नाही. जुना कोड चालत राहील आणि वैदेही यांचा धोकाही टळेल.

सर्किट_सदाशिव

हे मला चालेल. रॅम लागत नाही.

नीरजा_एम

आज जे आहे त्यापेक्षा हे नक्कीच चांगलं, पण माझी एक अडचण उरते. आज वायफाय बंद आहे म्हणून पत्ता एकाच इंटरफेसवर सापडला, झोन भरला गेला. उद्या वायफाय चालू झालं की तीच ओळ नकार देईल. एकच कोड लिंकच्या स्थितीनुसार कधी चालेल, कधी नाही. मी बंद असलेले इंटरफेसही मोजावेत असं म्हणेन: कॉन्फिगर केलेल्या सगळ्या इंटरफेसवर शोधा, लिंक चालू आहे की नाही ते नंतर बघा. तेवढं मान्य असेल तर मी पॅच लिहायला बसते, आणि नकार डीफॉल्ट असावा की वेगळ्या पर्यायामागे, यावर तुमचं-माझं भांडण तिथे पुढे चालू ठेवू.

व्हीलॅन_वैदेही

बंद इंटरफेसवर ऑटोकॉन्फिगचा (आपोआप बनणारा) पत्ता तयारच झालेला नसेल तर? तो मोजायचा कसा? पॅचमध्ये हे आधी ठरवा. चाचणीसाठी माझ्याकडे दोन व्हीलॅनचा बोर्ड आहे, देते.